एका गोळीचे इतके साक्षीदार

चेरीतालला माझं स्पीच थेरपीचं क्लिनिक आहे. मुलांना बोलतं करणं हे माझं काम, पण अर्धा दिवस मोठ्यांना गप्प करण्यात जातो. किस्से जमवावे लागत नाहीत, आपणहून बाकावर येऊन बसतात! सध्या तर सगळे एकाच घरातून येतात.

*

चार वर्षांचा अंशू अजून बोलत नव्हता. पहिल्याच दिवशी त्याच्या आजीनं, शकुनकाकूंनी, निकाल देऊन टाकला. "पोटुशी असताना हिनं तापाची गोळी खाल्ली. त्यानंच झालं!"

"डॉक्टरांनी दिली होती ना?" मी विचारलं.

"डॉक्टरले काय जाते? भोगून तर आम्ही राहिलो!"

सून वैशाली मान खाली घालून बसली होती. भोगणाऱ्यांत तिला कोणी धरलंच नव्हतं.

*

तिचा नवरा प्रमोद मला अर्धा तास समजावत होता की या गोळ्या म्हणजे जहर, थेट मेंदूवर जातात. मग कपाळ दाबत म्हणाला, "दीदी, जरा पाणी मिळेल का? डोकं लय दुखून राहिलं." खिशातून तीच गोळी काढली आणि गिळली!

*

काकूंचे सिहोऱ्याचे भाऊ तर मोबाईलवर पुरावाच घेऊन आले. मी व्हिडिओ पूर्ण पाहिला. शेवटी त्यातलाच माणूस सांगत होता की नक्की काही सिद्ध झालेलं नाही, ताप अंगावर काढू नका, डॉक्टरांना विचारा.

"मामा, शेवटपर्यंत पाहिला होता?"

"नाही जी, तेवढ्यात बस आली न!"

*

वैशालीला आता पुन्हा दिवस गेलेत. परवा आली ती तापानं फणफणलेली. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी काकूंच्या पर्समध्ये बंद! "एकदा चूक झाली, आता एकही देणार नाही." माझं डोकंच फिरलं. अहो, हा ताप पोटातल्या बाळाला बाधेल, असं ओरडून सांगितलं. काकूंनी पर्स काखेत मारली.

वैशालीला ढास लागली. अंशूनं बाटली उचलून तिच्यापुढे धरली. "पाणी."

काकू उठूनच उभ्या राहिल्या. "पाहा! मी म्हणत होती ना! आमच्या घरचे पोट्टे उशिराच बोलतात. याचा बाप तर पाच वर्षांचा होईपर्यंत बोललाच नव्हता!"

वैशालीनं मान वर केली. "मग आई, यांच्या वेळी तुम्ही कोणती गोळी खाल्ली होती?"

वैशालीनं हात पुढे केला.

"पाणी पोरानं दिलं. आता गोळी द्या."