चाळिसाव्या दिवशीचे गहू

तो गेल्याचा निरोप त्याच्या बहिणीनं परवा मोबाइलवर पाठवला. तेव्हापासून डोक्यात त्याचंच चाललंय. इतके प्रश्न विचारूनही हा माणूस मला पुरता कळला नाही, याची रुखरुख काही जात नाही.

तेरला आमच्या माडीवरची खोली त्यानं भाड्यानं घेतली होती. जन्म ऑस्ट्रेलियातला, आईबाप ग्रीसच्या कुठल्याशा बेटावरून बोटीनं तिकडं गेलेले. गावातल्या संग्रहालयातल्या मातीच्या जुन्या मूर्ती बघून त्यांची चित्रं काढायला तो आला होता. दोन हजार वर्षांपूर्वी तेरचा माल जहाजांतून त्यांच्या मुलखाकडं जायचा, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळं पारावर त्याची चेष्टा चालायची, ‘राहिलेला माल न्यायला आलाय.’

मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडं आलं. त्यात मला नको तिथं नाक खुपसायची खोड. बाप काय करायचा? तळलेल्या माशांचं दुकान. मग हे चित्रांचं वेड कुठून आलं? तर दुकान बंद केल्यावर बाप मासे गुंडाळायच्या कागदावरच चित्रं काढत बसायचा. बेटावरचं घर, बंदर, अंजिराचं झाड. आई दर रविवारी पोरांना चित्रांच्या संग्रहालयात न्यायची, कारण तिथं तिकीट नव्हतं. घरात धड खुर्च्या नव्हत्या, पण भिंतीला रिकामी जागा नव्हती, म्हणाला. मी आमच्या भिंतीकडं बघितलं. तिथं खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं.

तो इथं असतानाच बाप वारला. वेळेत पोचणं शक्य नव्हतं. रेंज फक्त गच्चीवर यायची, म्हणून पाण्याच्या टाकीला टेकून त्यानं बापाची माती मोबाइलवर बघितली. चित्र सारखं अडकत होतं. संपल्यावर खाली आला, चहा प्याला आणि संग्रहालयात निघून गेला. डोळ्यांत टिपूस नाही. मला राहवेना.

‘तुमच्यात रडत नाहीत का?’

‘रडतात की. मलाच रडू येत नाहीये.’

पुढं काही आठवड्यांनी त्यानं माझ्याकडं गहू मागितले. त्यांच्यात म्हणे जीव चाळीस दिवस इथंच घुटमळतो. चाळिसाव्याला गहू शिजवायचे, त्यात साखर, मनुका, डाळिंबाचे दाणे घालून लोकांना द्यायचे. खाणाऱ्यानं गेलेल्याचं नाव घेऊन म्हणायचं, देव त्याला माफ करो. आमच्याकडं दहाव्याला कावळा शिवावा लागतो, त्यांच्याकडं माणसांनी खावं लागतं. तिकडं घरचे करणारच होते, पण त्याला ते स्वतःच्या हातानं करायचं होतं. ‘मातीला नव्हतो, ताई. मुलगा म्हणून एवढं तरी करू दे मला,’ म्हणाला.

मी त्याला स्वयंपाकघर मोकळं करून दिलं. सकाळी त्यानं परातीत गहू थापले, वर पिठीसाखर चाळली आणि डाळिंबाच्या दाण्यांनी एक बोट काढली. मोडायला जीव होऊ नये अशी. ‘मी शाळेतून येईपर्यंत थांबा, बरोबरच वाटायला जाऊ,’ असं बजावून मी गेले.

तो थांबला नाही. साखरेला पाणी सुटायला लागलं म्हणून एकटाच परात घेऊन गल्लीभर फिरून आला. मी परतले तर ओसरीवर दोन झबली, एक टोपडं आणि एक खुळखुळा. शेजारच्या मावशी वाटच बघत होत्या.

‘अवं बाई, पाव्हण्याला लेकरू झालं अन् तुमी गप बसलाव व्हय? पोरगा हाय का पोरगी?’

आमच्याकडं उकडलेले गहू घरोघरी आले म्हणजे बारशाच्या घुगऱ्या. गल्लीचं तरी काय चुकलं? आणि हा पठ्ठ्या, जो काही विचारेल त्याला मान हलवत होता. मला हसू फुटलं, पण तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

‘सगळ्यांनी खाल्लं, ताई. काय म्हणाले ते?’

थाप मारता आली असती, पण ते मला जमत नाही. सांगून टाकलं. त्यानं एक झबलं उचलून त्याची नीट घडी घातली.

‘म्हणजे माझ्या बापासाठी कुणीच खाल्लं नाही.’

परातीत चार घास उरले होते. मी तशीच मावशींकडं गेले आणि खरं काय ते सांगितलं. त्या भडकल्याच.

‘मयताचं अन्न वाटलं व्हय? माझी सून पोटुशी हाय, तिनं वाटीभर खाल्लं की!’

पदर खोचून त्या थेट आमच्या ओसरीवर, मागनं गल्लीतल्या बाया. आता त्याला शिव्या बसणार, आणि त्या इंग्रजीत मलाच सांगाव्या लागणार. तो उठून उभा राहिला. झबली परत द्यायला त्यानं हात पुढं केले. मावशी त्या घड्यांकडं बघत राहिल्या.

‘मातीला गेला न्हवता का ह्यो?’ त्यांनी मला विचारलं.

‘नाही. इथंच होता. फोनवर बघितली.’

‘अगं माय,’ एवढंच त्या म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांची सून बायांतून वाट काढत, सासूला वळसा घालून पुढं आली. आठवा महिना होता तिला. तिनं त्याच्यासमोर तळहात धरला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, ‘मगाशी म्या लेकराच्या नावानं खाल्लं. आता त्येंच्या नावानं द्या म्हणावं. नाव काय हुतं, तेबी इचारा.’

मी विचारलं. त्यानं सांगितलं. तिला ते धड म्हणता येईना, पण ती सोडेना. तिसऱ्यांदा जमल्यावर मी सांगितलं तसं, ‘देव त्येंला माफ करो,’ असं म्हणून तिनं घास तोंडात घातला.

मग मावशींनी हात पुढं केला. त्यांना वाढता वाढता त्याला रडू फुटलं. चमचा हातात तसाच राहिला. मावशी तळहात पसरून तशाच थांबून राहिल्या.