दोन रेघा आणि तीनशे प्लेटा

आमच्या बाबांना दुधात पाणी सापडलं नाही तरी शंका यायची. पाणी नाही, म्हणजे दुसरं काहीतरी घातलं असणार. नागपूरला असताना हा स्वभाव खपून गेला, कारण तिथे त्यांना ओळखणारे चार लोक होते आणि ते हसून सोडून देत. पण रायपूर राजधानी झालं, बाबांच्या खात्याने तिथे नवं ऑफिस उघडलं आणि आम्ही शंकर नगरात भाड्याने राहायला आलो, तेव्हा या स्वभावाला मोकळं रान मिळालं. घरमालक, रिक्षावाला, भाजीवाली, ज्याला त्याला भाव विचारा, उत्तर एकच: "अब राजधानी है भैया." बाबा दात-ओठ खात घरी यायचे. त्यांच्या मते सगळं शहर त्यांच्या एकट्याच्या खिशावर टपलेलं होतं. आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटायचं. खाण तशी माती.

यात हाल झाले ते आईचे. तिला हिंदी धड येत नव्हती, आणि अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही अशी बाबांची ताकीद होती. पहिलं वर्ष तिने भांड्यांशी बोलत काढलं. मग शेजारच्या घरातली एक बाई एक दिवस कमरेएवढ्या भिंतीपलीकडून म्हणाली, दीदी, कढीपत्ता चाहिए क्या? त्या आईला दीदी म्हणायच्या आणि आई त्यांना दीदी म्हणायची. त्या इथल्याच, छत्तीसगढी. आईच्या मोडक्या हिंदीला न हसता "हव, हव" म्हणत त्या सगळं समजून घ्यायच्या. त्या भिंतीवरून एक स्टीलचा डबा ये-जा करू लागला. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत दोन्ही घरांत सारखीच निघाली. आईने चकल्या पाठवल्या तर त्यातून बेसनाची तळलेली ठेठरी यायची, आणि काहीच नसलं तर परसातल्या दोन हिरव्या मिरच्या तरी यायच्या. बाबा आतून विचारायचे, "काय दिलं?" ठेठरी त्यांना फार आवडायची, पण मोजून खायचे.

मी आठवीत होते तेव्हा ताईचं लग्न भिलाईतल्या एका मराठी घरात जमलं. साखरपुडा आमच्याकडे, तेलीबांध्याच्या एका लॉनवर, दुपारी. आता जेवणाचं काय? लॉनवाल्याचा स्वतःचा कॅटरर होता. तो चार हजार ठोक घ्यायचा आणि वर प्लेटमागे चाळीस रुपये. दुसरा कॅटरर म्हणजे शेजारच्या दीदींचा भाऊ. तो बीरगावला कारखान्यांतल्या कामगारांसाठी जेवण बनवायचा. त्याचं ठोक काही नाही, नुसते प्लेटमागे साठ.

बाबांनी तीन दिवस दोघांवर संशय घेतला. लॉनवाल्यावर, कारण तो चार हजार कशाचे ते सांगत नव्हता. दीदींच्या भावावर, कारण तो चार हजार मागत नव्हता. "फुकटात कोणी मंडप घालते काय? कुठं ना कुठं वसूल करनच."

त्याच आठवड्यात आमच्या शाळेत आलेख चालले होते. मी बाबांना म्हटलं, हे तर आमचंच गणित आहे. आलेखाचा कागद जमिनीवर पसरला. आडवी रेघ माणसांची, उभी खर्चाची. लॉनवाल्याची रेघ चार हजारांपासून निघून सावकाश चढत गेली. दीदींच्या भावाची शून्यापासून निघाली, पण जास्त उभी. दोनशेपाशी दोघींनी एकमेकींना छेद दिला. दोनशेच्या आत दीदींचा भाऊ स्वस्त, दोनशेच्या पुढे लॉनवाला. आडव्या रेघेखाली बाबांनी स्वतः सांगून मला लिहायला लावलं: माणसं.

पाहुणे होते दीडशेच्या आसपास. बाबा म्हणाले, त्यावर मुंगीही येणार नाही. आई इतका वेळ पोळ्या लाटत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "दीदीच्या भावाची रेघ खालची हाय ना?" मी हो म्हटल्यावर तिचा चेहरा असा उजळला, जणू ताईचं लग्न आत्ताच जमलं. काम त्या भावाला गेलं.

साखरपुड्याच्या सकाळी बाबांनी पहिलं काम केलं ते प्लेटा मोजण्याचं. तीनशे स्टीलच्या प्लेटा, मी आणि बाबा, दोन वेळा. दीदींचा भाऊ शेजारी उभा राहून पाहत होता. उरतील त्या कोऱ्या प्लेटा वजा करायच्या, बाकीचे पैसे, असं ठरलं. फाटकावर बाबांनी मामांना बसवलं. एक माणूस आत आला की एक फुटाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात. पुढे मामांनी कबूल केलं की त्यातले तीन-चार त्यांनी खाल्ले, पण तो हिशेबही धरला आहे.

जेवण बुफे होतं. राजधानीत सगळे तसंच करत होते. पुऱ्या, वांग्याची भाजी, पनीर, भात, मठ्ठा, जिलेबी. पुलगाव-वर्ध्याहून गाडीने आलेले आमचे नातेवाईक आधी जरा बिचकले, मग रुळले. दीदींनी सकाळीच येऊन ताईची वेणी घातली होती, गजरा माळला होता. आई दिवसभर त्यांचा हात धरून सगळ्यांना ओळख करून देत होती: ही माझी दीदी. तिला इतकी खुश मी रायपुरात कधी पाहिली नव्हती.

चारच्या सुमाराला मोजणी झाली. कोऱ्या प्लेटा उरल्या अठ्ठावीस. म्हणजे वापरलेल्या दोनशे बहात्तर. मामांच्या उजव्या खिशात फुटाणे, खाल्लेले धरून, एकशे सेहेचाळीस.

बाबांच्या कपाळावरची शीर उठली. मी मनात आलेख काढून पाहिला. दोनशे बहात्तर म्हणजे आम्ही छेदाच्या पार पलीकडे गेलो होतो. मला वाटलं, फसवलं. आई मात्र बाबांच्या तोंडाकडे पाहत होती. तिला हिशेबाचं काही पडलेलं नव्हतं. पुढे काय बोललं जाणार याची तिला धास्ती होती. ती हळूच म्हणाली, "घरी जाऊन बोला न." बाबा थांबणारे नव्हते.

"आदमी आए एक सौ छियालीस," ते दीदींच्या भावाला म्हणाले, "बाकी क्या भूत खाके गए? तुम्हारे लड़कों ने साफ प्लेट पानी में डुबाके जूठी में मिला दी."

दीदी चार पावलांवर उभ्या होत्या, हातात ताईच्या गजऱ्याची उरलेली फुलं. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांचा भाऊ एवढंच म्हणाला की सकाळी तुम्हीच मोजल्या होत्या.

तेवढ्यात पुलगावची आत्या आली. बाबांची थोरली बहीण. तिला गाडीला निघायच्या आधी आणखी एक जिलेबी हवी होती. तिने हातातली खरकटी प्लेट टबात टाकली, उरलेल्या अठ्ठावीसांतली एक कोरी उचलली आणि जिलेबीच्या परातीकडे वळली.

"हे काहून घेतली?" बाबा ओरडले.

आत्या दचकली, मग तिलाच राग आला. "मंग काय, उष्टी प्लेट घेऊन अन्नापाशी जाऊ? बुढीनं हेच वळण लावलं काय रे आपल्याले?"

झालं. पंगतीत वाढणारा आपल्याकडे येतो, ताट जागचं हलत नाही. इथे ताटाने अन्नाकडे जायचं होतं, आणि आमच्याकडचं एकही माणूस खरकट्या हाताने, खरकट्या ताटाने वाढायच्या भांड्यापाशी जाणारं नव्हतं. भाताला नवी प्लेट, जिलेबीला नवी प्लेट. सोयऱ्यांनीही तेच केलं असणार. आमच्या आलेखाची आडवी रेघ माणसांची नव्हतीच. बीरगावच्या कामगारांमध्ये एक माणूस म्हणजे एक प्लेट असेल. आमच्यात शिस्त जितकी जास्त तितक्या प्लेटा जास्त.

आईने बाबांना विचारलं, सगळ्यांसमोर, आणि तिचा आवाज मुळीच चढला नाही: "तुम्ही किती घेतल्या?"

बाबांनी आठवून पाहिलं. ते खोटं बोलणारे नव्हते, हा त्यांचा दुसरा त्रास. "तीन," ते म्हणाले.

त्यांनी दोन्ही खिसे रिकामे करून पूर्ण पैसे दिले. एक रुपया कमी केला नाही. पण चुकलं म्हणायला जीभ वळली नाही. "ठीक है, ठीक है," एवढंच पुटपुटले. दीदी म्हणाल्या, "हव, ठीक है." त्यांनी गजऱ्याची फुलं टेबलावर ठेवली. आम्ही एकाच गाडीतून घरी जायचं ठरलं होतं, शेजारीच तर राहत होतो. दीदी मात्र भावाच्या टेम्पोत भांड्यांच्या शेजारी बसून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आईने पुरण घातलं. सणवार नव्हता, पाहुणे गेलेले होते, पाय सुजलेले होते, तरी घातलं. डब्यात सहा पोळ्या, वर तुपाची वाटी. भिंतीपलीकडे मी डबा दिला. दीदींनी घेतला, हसल्याही. मला हायसं वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी डबा भिंतीवर ठेवलेला दिसला. हाक आली नव्हती. आईने तो उचलला, तिथेच उभ्याने झाकण काढलं आणि पुन्हा लावलं.

"काय दिलं?" बाबांनी आतून विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली.

बाबा बाहेर आले. त्यांनी तिच्या हातातून डबा घेतला आणि उघडून स्वतः पाहिला.