खंडेनवमीची चाचणी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्तीच्या समारंभात माझ्या कामाचं कौतुक झालं, तेव्हाही शाल-नारळ घेऊन गप्प बसलो.

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी नेटवर्क सांभाळायचो. कुठलाही कॉम्प्युटर सुरू झाला की आधी स्वतःसाठी पत्ता मागतो. हे पत्ते वाटणारं यंत्र म्हणजे डीएचसीपी सर्व्हर. तो पडला तर कॉम्प्युटर सुरू होऊनही उपयोग नाही. म्हणून मी त्याच्या जोडीला दुसरा बसवला. एक पडला की दुसऱ्यानं वाटप करायचं. योजना चोख होती, आजही म्हणतो.

चाचणी मात्र माझी खास. खंडेनवमीला पहिला सर्व्हर बंद करून पुसायचा, हळदकुंकू, झेंडूची माळ, आरती, पेढे. तेवढ्या वेळात कुणाचंही काम अडायचं नाही. मी सगळ्यांना ऐकवायचो, "बघा, दुसरा सांभाळतोय!"

माझ्या हाताखालच्या मॅडम एकदा म्हणाल्या, "सर, यात दुसऱ्याचं काही कर्तृत्व नाही. सकाळी मिळालेला पत्ता संध्याकाळपर्यंत चालतो, म्हणून कुणाचं अडत नाही. आत्ता एक नवा लॅपटॉप जोडून बघू या ना."

"मॅडम, नमस्कार करून झाला. आता देवाची परीक्षा घेता का? पेढा घ्या."

सगळे हसले. त्यांनी लॅपटॉप पुन्हा पिशवीत ठेवला.

पुढे ऑनलाइन परीक्षेच्या सकाळी पहिला सर्व्हर खरोखरच गेला. मुलांनी कॉम्प्युटर सुरू केले, एकालाही पत्ता मिळेना. दुसरा सर्व्हर ठणठणीत चालू होता. पण कॉम्प्युटरची मागणी पुढे पोचवणारे प्रत्येक मजल्यावरचे स्विच मी सेट केले होते, आणि त्यांना फक्त पहिल्याचीच वाट सांगितली होती. दुसऱ्याकडे कधी कुणी काही मागितलंच नव्हतं.

परीक्षा रद्द झाली. प्राचार्यांनी विचारलं, "दुसरा सर्व्हर कुणाकडे होता?"

"मॅडमकडे," मी म्हणालो.

रोजची देखभाल त्यांचीच होती, म्हणजे खोटं नव्हतं. पुढचं वाक्य मी बोलेन म्हणून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी बोललो नाही. त्यांची नेमणूक कंत्राटी होती. ती पुढे वाढवली नाही. नंतर मी गुपचूप स्विच दुरुस्त केले, पहिला सर्व्हर बंद करून नवा लॅपटॉप जोडला. लगेच पत्ता मिळाला. ती जोडी आजही चोख चालते.

परवा पंचवटीच्या भाजीबाजारात त्या भेटल्या.

"सर, गुडघे काय म्हणतात?"

"कुरकुरतात. तिकडे खंडेनवमीला आता आधी नवा लॅपटॉप जोडतात, मग पेढे वाटतात."

"म्हणजे घेतलीत शेवटी देवाची परीक्षा!" त्या मोकळेपणानं हसल्या आणि माझी पिशवी उचलून रिक्षात ठेवली.

मी "मॅडम..." म्हणालो, तेवढ्यात रिक्षा निघाली. पुढचं वाक्य असं होतं: स्विच माझे होते, तुमचं बरोबर होतं, मला माफ करा.