आयेच्या इंग्रजीचा पहिला टप्पा

माझ्या आईची वाचा आठ दिवस गेली होती आणि ती मीच घालवली होती.

मी आचऱ्याजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. गेल्या उन्हाळ्यात एका प्रशिक्षणातून ताजा ताजा शहाणा होऊन परतलो. परकी भाषा म्हणे टप्प्याटप्प्याने येते. आधी मूल नुसतं ऐकतं, मग एकेक शब्द, मग मोडकी वाक्यं आणि मग घडाघडा! पहिल्या टप्प्यात त्याला अजिबात बोलायला लावायचं नाही. (वीस वर्षं मी डोळे वटारून तेच करत होतो. असो.)

घरी आलो तर आये दारातच उभी. माझी बहीण पुढच्या आठवड्यात लेकीला घेऊन ऑस्ट्रेलियाहून पहिल्यांदाच येणार होती आणि सहा वर्षांच्या मायराला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. फोनवर आजी-नात एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या.

"माका नातीवांगडा बोलूचा आसा. शिकव!" आये म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला भरून आलं आणि तिथेच चूक झाली.

"आये, आठ दिवस फक्त ऐकूचा. तोंड उघडूचा नाय!"

"एक शब्दय नाय?"

"नाय! भाषा आत मुराक व्हयी."

आये मासे विकते. ती बाजारात ओरडली की बंदरावर ऐकू जातं! पण मास्तरांचा शब्द तिने कधी मोडला नाही, मग मास्तर पोटचा का असेना. दुसऱ्या दिवसापासून ती पापलेटांपुढे तोंड मिटून बसली, कानात मी दिलेल्या इंग्रजी गोष्टी घालून. कुणी भाव केला तर नुसती मान हलवायची.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या सुमनकाकी धावत आल्या. "रे मास्तर, तुझ्या आवशीचो आवाज गेलो!"

"गेलो नाय, काकी. तो पहिलो टप्पो आसा."

"पहिलो? म्हणजे अजून वाढतलो?"

मी पडवीतल्या फळ्यावर चारही टप्पे काढून दाखवले. काकींनी चार बोटं मोजली, कपाळावर हात मारला आणि गावभर सांगून आल्या. आठव्या दिवशी गावाने आयेला देवळात नेलं. देवापुढे नारळ ठेवला आणि गावचे मानकरी असलेल्या गावकरांनी सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! हिचा तोंड बंद झाला हा, ता मोकळा कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाव गरजला.

"हिच्या मास्तर झीलान शिकान सवरान काय घोळ घातल्यान असात, तर तेका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!!" (हा सगळ्यात मोठा होता. त्यात माझ्या बायकोचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.)

इतक्यात घराला कुलूप बघून बहीण बॅगांसकट देवळातच आली. मायरा आजीसमोर उभी राहिली. आयेने हात पसरले, पण ती बोलेना! ती माझ्याकडे बघत होती. परवानगीसाठी! आठवा दिवस संध्याकाळी संपणार होता ना! मला माझीच लाज वाटली.

"बोल गो आये, बोल!" मी ओरडलो.

कसला तरी खेळ चाललाय असं वाटून मायराने दोन्ही हात वर केले आणि टिपेला जाऊन किंचाळली, "होय म्हाराजा!"

"अगो माझ्या बाय!" आयेचा बांध फुटला. "खंय होतंस गो इतके दिस?"

देव पावला म्हणून गावाने खोबरं वाटलं. खरं काय ते सांगायची माझी छाती झाली नाही.

महिन्याभरात आये इंग्रजीचा एक शब्द शिकली नाही. मायरा मात्र सगळे टप्पे ओलांडून मालवणीत भांडायला लागली. दोघी दिवसभर एकमेकींचं डोकं खात होत्या. जायच्या आदल्या दिवशी मायराने पडवीत इंग्रजीची शाळा भरवली आणि मला पहिल्याच प्रश्नाला उभं केलं. तिचे ऑस्ट्रेलियन उच्चार काही मला कळेनात.

"आजये, मामाक इंग्लिश येणा नाय!"

"वरडू नको गो तेका," आयेने माझी बाजू घेतली. "तो लहानपणापास्ना मंदच आसा!"