जिवंत निटाचं गाणं

लॉयल ब्लेव्हिन्स आमच्या केंटकीतल्या डोंगराळ तालुक्यात शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. माणूस कमी बोलणारा. बायको निटा आणि तो यांच्यात दिवसभरात जे बोलणं व्हायचं ते बहुतेक मीठ, पाऊस आणि कुत्र्याबद्दल. मी त्यांचा शेजारी, वीजमंडळाच्या हिशेबखात्यात. लॉयलला कोणी लाजरा म्हणालं तर मला ते कमीच वाटायचं.

त्याला गिटारचा नाद होता. शनिवारी संध्याकाळी जुन्या शाळेच्या हॉलमध्ये गाणंबजावणं चालायचं, तिथे तो मागे बसून साथ द्यायचा. निटा बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ओहायोला गेली, घर रिकामं झालं, आणि त्याने पहिल्यांदा स्वतःचं गाणं रचलं. आमच्याकडे प्रेमाचं गाणं म्हटलं की त्यात एक थडगं लागतंच. बायको स्वयंपाकघरात धडधाकट उभी असली तर गाण्यात तिच्याबद्दल काय म्हणणार? तेव्हा लॉयलने रिवाजाप्रमाणे तिला टेकडीवर नेऊन पुरली.

*देवदाराखाली निजलीस, निटा, वारा अंगाई गातो,*
*जिवंतपणी बोललो नाही ते आता मातीला सांगतो.*

गावच्या रेडिओवरच्या माणसाने त्याचं रेकॉर्डिंग मागून घेतलं. रोज सकाळी तिथे मृत्यूच्या बातम्या वाचल्या जातात. सगळा तालुका त्या वेळी कॉफीचा कप धरून कान देऊन असतो. त्या माणसाला गाणं दुःखी वाटलं, म्हणून त्याने ते बातम्या संपल्या संपल्या लावलं. निटा बरेच दिवस कोणाला दिसली नव्हती. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरी चूल पेटू देत नाहीत. पहिली आली बसचालक ऑपल टॅकेट, हातात कोंबडीच्या रश्शातल्या उंड्यांचं पातेलं. दारातच लॉयलच्या गळ्यात पडून रडली. "काय सोसलंस रे एकट्याने. आम्हाला सांगायचं तरी."

लॉयलने तोंड उघडलं होतं, असं तो नंतर मला म्हणाला. पण रडणाऱ्या बाईला 'अगं, ते नुसतं गाणं आहे' म्हणायची त्याला लाज वाटली. त्याने पातेलं घेतलं. एक घेतल्यावर दुसरं नाकारणार कसं? दुपारपर्यंत टेबलावर घेवडा, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग, भरलेली अंडी. आमच्या घरूनही भात गेला. पाद्री ब्रदर स्टम्बो बैठकीत निटाच्या आत्म्यासाठी डोळे मिटून प्रार्थना करत असताना निटा बॅग घेऊन दारातून आत आली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

ब्रदर स्टम्बोने डोळे उघडले. शेवटी ऑपल म्हणाली, "तू."

लोक पांगल्यावर निटाने गाणं ऐकवायला लावलं. ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "एवढं सगळं तुझ्या मनात होतं, आणि सांगायला मला पुरावी लागली?" त्यानंतर ती लॉयलबरोबर चर्चला गेली नाही, हॉलवर गेली नाही. दुकानात बायका तिच्याकडे बघून हसू दाबायच्या. ती एकटी जायची, एकटी यायची.

भांड्यांच्या बुडाला प्रत्येकीच्या नावाची चिकटपट्टी होती. "घेतलीस तू, परत करायचीही तूच," निटा म्हणाली. लॉयल दारोदार फिरला. प्रत्येक दारात मान खाली घालून म्हणाला, "निटा बरी आहे. माझं चुकलं." लोकांना राग नव्हता, हेच त्याला जड गेलं.

"चुकलं कसलं," ऑपल म्हणाली. "माझा नवरा तर मी मेल्यावरही जेवण काय आहे विचारेल. गाण्यातला एक शब्द बदलू नकोस हं."

"पण ती जिवंत आहे ना, ऑपल."

"असू दे की. गाणं छान आहे."

काही आठवड्यांनी एका शनिवारी हॉल भरला होता. निटा येणार नाही म्हणाली होती, पण आली आणि मागे, कॉफीच्या टेबलाजवळ एकटीच बसली. लॉयलने तिला पाहिलं. त्याचे कान लाल झाले. त्याने चाल तीच धरली, पण थडगं काढून टाकलं होतं.

*तू आत बटाटे सोलतेस, निटा, मी पायरीवर ऐकतो,*
*जे बोलायचं ते ओठांशी येतं, अन् उद्यावर टाकतो.*

गाणं पडलं. टाळ्या वाजल्या त्या शेजारधर्माच्या. मागून कोणीतरी म्हणालं, "लॉयलबाबा, ते रडवणारं म्हण की."

"ते आता म्हणणार नाही," लॉयल म्हणाला. स्टेजवर तो एवढं एकच वाक्य बोलला. रेडिओच्या माणसाने जत्रेसाठी जुनंच गाणं मागितलं होतं, त्यालाही त्याने तिथेच मान हलवून नकार दिला.

खाली उतरल्यावर कुठे बसावं ते त्याला कळेना. निटाने शेजारच्या खुर्चीवरचा आपला कोट उचलून मांडीवर घेतला. तो बसला. मी त्यांच्या पुढच्याच रांगेत होतो, त्यामुळे बोलणं कानावर पडलंच.

"गावासमोर बोललास," निटा हळूच म्हणाली. "आता घरी बोल."

लॉयलने बुटांकडे पाहिलं.

"घरी," तो म्हणाला, "जास्त लाज वाटते गं."