डब्यासाठी वेगळी लाइन

नोकरीसाठी मी घाटंजी सोडलं, त्या सकाळी आई रडली नाही. मला एसटीत बसवून द्यायला निघताना तिने आधी घराचा मेन स्विच खाली ओढला, गॅस पाहिला, पुढच्या दाराला आतून कडी घातली आणि मागच्या दाराला कुलूप लावून म्हणाली, "चाल लवकर, गाडी सुटून जाईन." घरात माणूस नाही तर वीजही नाही, हा तिचा नियम. बस हलताना खिडकीपाशी येऊन एवढंच बोलली, "पोचली का फोन कर. मंग रोज रोज करू नको."

आता माझी पुण्यातली वर्षं तिथल्यापेक्षा जास्त झाली. बाहेर पडलेल्या सगळ्यांचं होतं तेच माझं झालं: अर्धं आयुष्य मोबाइलमध्ये. नवऱ्याचा फोन पाण्यात पडला आणि त्यातले मुलीच्या लहानपणचे फोटो गेले, तेव्हा मी वैतागून जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला. राउटरला जोडला. घरातल्या फोनचे फोटो आपोआप त्यात जाऊ लागले, जुन्या लग्नांचे व्हिडिओ त्यातूनच टीव्हीवर दिसू लागले. यात अवघड काही नाही, फक्त चिकाटी लागते. पण बॅकअपची एक प्रत दुसऱ्या गावात असावी लागते. घराला आग लागली तर मूळ डिस्क आणि तिची प्रत, दोन्ही एकत्रच जळणार. माझं दुसरं गाव कोणतं, याचा विचार करावा लागला नाही.

दिवाळीत घाटंजीच्या घरी नेट घेतलं आणि आईच्या टीव्हीमागे दुसरी डिस्क लावली. आई तिला डबा म्हणते. त्यातले मावशीच्या मुलीच्या लग्नाचे व्हिडिओ लावून दिले, तर गल्लीतल्या बायका दुपारभर बसल्या. "हे पाह्य, शांताबाई! किती बारीक होती तवा!" आई खूश झाली. मी सांगितलं, हा बंद करायचा नाही. ती "हाओ" म्हणाली.

आणि बाहेर जाताना मेन स्विच ओढत राहिली.

पुण्यात माझ्या फोनवर घाटंजीच्या डब्याचा ठिपका दिसे: डबा चालू तेव्हा हिरवा, वीज बंद तेव्हा लाल. सुरुवातीला कॉपी अडते म्हणून चिडचिड व्हायची. मग लक्षात आलं, लाल म्हणजे आई बाहेर. सकाळी लाल, म्हणजे बाजार. संध्याकाळी लाल, म्हणजे विहारात गेली. दिवसभर हिरवा राहिला की मला वाटायचं, पडून आहे, ताप असेल. ऑफिसात, भाजी चिरताना, सिग्नलला, मी सारखी ठिपका पाहायला लागले. फोनवर विचारायची, "काल कुठे गेली नाहीस का?" ती म्हणायची, "तुले कसं समजते गं?" मी हसून विषय बदलायची. तिने आता पुण्याला यावं, हा आमचा जुना वाद होता. ठिपका लाल झाला की मी तो वाद मनातल्या मनात पुन्हा सुरू करायची.

एकदा दुपारी लाल झालेला ठिपका दुसऱ्या सकाळीही लालच होता. फोन बंद. समोर सलीमभाईंचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, त्यांना फोन केला. ते जाऊन आले. "ताई, आतून कडी हाय. अम्मा आवाज नाही देऊन राह्यल्या." पुढच्या दाराला नेहमीच आतून कडी असते, हे त्या क्षणी मला आठवलं नाही. मागचं कुलूप पाहायला सांगायचं सुचलं नाही. मी म्हणाले, तोडा.

दार तोडलं. घर रिकामं. आई राळेगावला मावशीकडे होती. मावशीच्या नातीला पाहायला आलेले पाहुणे लगेच साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करूनच जातो म्हणाले, म्हणून मावशीने आईला तातडीने बोलावलं होतं. चार्जर घरी राहिला होता. आई परतली तर दारात अर्धी गल्ली, आणि शांताबाई डोळे पुसत.

तिने तिथूनच सलीमभाईंच्या मोबाइलवरून मला फोन केला. "जितीजागती हाय मी, अन् लोकं मह्या मयतीले जमले! तुले कोनं सांगतलं मी घरात पडली म्हणून?"

मी डब्याचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी कवा जातो, कवा येतो, ते हा डबा तुले सांगते. आज दार तोडलं. उद्या म्हणशीन, एकटी राहाले जमत नाही, चाल पुन्याले."

मी 'नाही' म्हणाले. दोघींनाही ते पटलं नाही.

मला वाटलं, डबा कुरिअरने परत येईल. आला नाही. आठवड्याभरात ठिपका हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. सलीमभाईंना बोलावून तिने डब्यासाठी वेगळी लाइन ओढून घेतली होती, मेन स्विच ओढला तरी बंद न होणारी. बॅटरीही बसवली. "तुह्या फोटोंले काही होत नाही आता. शांताबाई येते, लग्न पाह्यतो आम्ही. बाकी मह्यं मले पाहू दे."

बॅकअप आता एकदाही अडत नाही. मला हवं होतं तसंच सगळं चाललं आहे, आणि मला चैन नाही. तुमच्यापैकी जे तिकडेच आहेत त्यांना हे हास्यास्पद वाटेल. जे माझ्यासारखे निघून आले त्यांना वाटणार नाही. घर म्हणजे माझ्यासाठी आता तो हिरवा ठिपका. तिथे वीज आहे एवढंच तो सांगतो. आई आहे का, हे विचारायला फोन करावा लागतो. आज दोनदा केला. उचलला नाही. सलीमभाईंचा नंबर समोर आहे, आणि मी तो लावलेला नाही.