डोणीवरचं मांजर

आमच्या घरात मांजराला नाव ठेवायची पद्धत नव्हती. म्हशीला नाव होतं, बैल होते तेव्हा त्यांनाही होतं. मांजर ते मांजर. मी तिला 'ये गं' म्हणायचो आणि ती यायची, एवढ्यावर आमचं तेरा वर्षं भागलं. बेळगावात माझ्या ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये जन्मलेलं ते पिल्लू मी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून बसनं गावी आणलं होतं. गाव सांबऱ्याच्या पुढं थोडंसंच. शेजारच्या सीटवरच्या बाईला पिशवीत काय आहे ते कळलं होतं, पण तिनं कंडक्टरला सांगितलं नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. शेती आणि म्हशी त्याच्याकडे. मी शिकलो, नोकरीला लागलो, पण घर एकच राहिलं. चारचौघांत तो मला 'साहेब' म्हणतो. त्यात माया किती आणि टोमणा किती, हे मला अजून नीट कळलेलं नाही. मी तसा तापट माणूस. ऑफिसात एका कागदासाठी कुणाशीही भांडेन. अण्णा हसला की मात्र माझी बोलती बंद होते.

एकदा मी शहरातून मांजराच्या खाण्याचं तयार पाकीट आणलं. घरात पाहुणे बसले होते. अण्णानं ते उचललं, चष्मा लावून त्यावरचं चित्र सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाला, "साहेबांच्या मांजराला पाकिटातलं लागतंय. आमच्या म्हशीला विचारा, तिला काय चालतंय." सगळे हसले, मीही हसलो. पाकीट संपलं आणि दुसरं आलं नाही. मांजर पुन्हा दूध-भाकरीवर आलं.

दिवाळीच्या सुमारास ती पाणी फार पिऊ लागली. गोठ्यात म्हशींसाठी दगडी डोण आहे, तिच्या काठावर बसून मान खाली घालून पीत राहायची. मी सकाळी आंघोळीला जाताना बघायचो आणि संध्याकाळी आल्यावरही तिथंच बघायचो. मी मनाशी म्हणालो, जोंधळ्याची भाकरी कोरडी असते, तहान लागणारच. मग ती बारीक झाली. पाठीवरून हात फिरवला की मणके लागायचे. म्हटलं, थंडीत जनावर वाळतंच. स्वतःला चाटून लख्ख ठेवणारी, तिचे केस गुंतले, तोंडाला वास येऊ लागला. म्हटलं, दात गेले असतील. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं उत्तर तयार होतं. ऑफिसात अर्ज परत पाठवायची सवय झालेल्या माणसाला कारणांची काय वाण?

मसुराची काढणी चालली होती तेव्हा म्हैस व्याली आणि वार पडली नाही, आतच अडकली. अण्णानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते निपाणीकडचे, मराठी त्यांचं कन्नडच्या ठेक्यात चालायचं. तासाभरात आले, बाही वर करून काम उरकलं, इंजेक्शन दिलं. वहिनीनं गरम पाण्याची बादली, साबण आणि धुतलेला टॉवेल आणून ठेवला, मग चहा आणला. आमच्याकडं डॉक्टरांचा मान असाच असतो. अण्णा खुशीत होता, म्हैस वाचली होती.

डॉक्टर कट्ट्यावर चहा पीत असताना मांजर आलं. डोणीवर चढायलाही तिला जमेना. दोनदा प्रयत्न करून ती खाली बसली आणि डॉक्टरांच्या पायाशी सांडलेलं पाणी चाटू लागली. त्यांनी कप खाली ठेवला आणि तिच्याकडं बघत राहिले.

"हे मांजर कुणाचं? पाणी लई पितंय काय?"

ते माझ्याकडं बघून विचारत होते. मी अण्णाकडं बघितलं. अण्णाच्या चेहऱ्यावर म्हैस वाचल्याचं हसू होतं, आणि मला ते पाकिटाच्या दिवसाचं हसू वाटलं. आता मांजर डॉक्टरांपुढं धरलं, तर वर्षभर गावाला गोष्ट पुरेल, असं माझ्या मनात आलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या मनात हे आलं.

"म्हातारी झालीया," मी म्हणालो. "वय झालं आता तिचं."

डॉक्टरांनी मान हलवली, बॅग उचलली. मी त्यांना मोटारसायकलीपर्यंत पोचवायलाही गेलो. तिथं आम्ही दोघंच होतो. तिथंही मी रस्त्याचंच काहीतरी बोललो.

पुढं दहाबारा दिवसांनी तिनं दूध सोडलं, तेव्हा मी हललो. 'आज लवकर बोलावलंय' असं अण्णाला खोटं सांगून, झाकणाच्या करंडीत तिला ठेवून, स्कूटरवर पायांत करंडी धरून बेळगावला गेलो. दवाखान्यात पट्टेवाली, केसाळ कुत्री घेऊन माणसं बसली होती. काउंटरवरच्या मुलीनं कन्नडमध्ये पेशंटचं नाव विचारलं. मी करंडीचं झाकण उचलून दाखवलं. तिनं शेवटी 'मांजर' असंच लिहिलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तोंड उघडून बघितलं, पोट चाचपलं, रक्त घेतलं.

"एवढं पाणी कधीपासून पिते?"

"दिवाळीपासून," मी म्हणालो. आठवावं लागलं नाही.

त्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. मग शांतपणे सांगितलं की मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली आहेत. आधी कळलं असतं तरी ती पूर्ण बरी झाली नसती, पण खाणं बदलून, औषधं देऊन तिला चांगले दिवस काढता आले असते. आता सलाईननं आराम पडेल तेवढाच. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तीन दिवस मी तिला नेलं, आणलं. कातडीखाली सलाईन देताना ती माझ्या मनगटावर हनुवटी टेकून पडून राहायची, एकदाही तिनं ओरखडलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती डोणीच्या बाजूला, कडब्यात मेलेली सापडली.

खड्डा अण्णानं खणला, बांधाला, माझ्याआधी उठून. मी तिला जुन्या टॉवेलात गुंडाळून नेलं. तो खोऱ्यानं माती सारखी करत होता.

"दिवाळीपासनं बघतोय मी," तो म्हणाला. "लई पाणी पीत हुती. म्हशीला पाणी पाजाय गेलो की डोणीवर हीच."

"मग डॉक्टर आलतं तवा बोलला का न्हाईस?"

"बोलणारच हुतो रं. त्यांनीच इचारलं की. तू म्हणालास, वय झालं." त्यानं खोरं थांबवलं. "तुझं मांजर, तू शिकलेला. म्हटलं, तुला ठावं आसंल."

त्यात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं, शोधलंसुद्धा, नव्हता. ज्याच्या हसण्याला भिऊन मी तिला डॉक्टरांपुढं धरलं नाही, तो माझ्या शहाणपणावर भरवसा ठेवून गप्प बसला होता.

"मला कुठं कळतंय त्यातलं," मी म्हणालो.

त्यानं ते खरंच धरलं. "जाऊंदे, मुकं जनावर, आपल्याला कसं कळणार?" म्हणत माझ्या खांद्यावर मातीचा हात ठेवून उभा राहिला. मला दिवाळीपासून कळत होतं, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं नाही.